बुधवार-गुरुवारी सकाळी जुना प्रिंटर का रुसतो: ड्रायव्हरची कटकट आणि तिच्यावरचा इलाज

"दादा, प्रिंटर परत रुसलाय. काल संध्याकाळपर्यंत मस्त चालू होता. आम्ही काही म्हणजे काही केलेलं नाही."

असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा बुधवारी नाहीतर गुरुवारी. आधी वाटायचं योगायोग असेल. मग एका वर्षी फोनच्या तारखा वहीत टिपायला लागलो आणि ट्यूब पेटली. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. बुधवारी ऑफिस उघडलं, कॉम्प्युटर चालू केला की मागच्या मागे अपडेट उतरतं. संध्याकाळी घरी जायच्या घाईत कुणीतरी "अपडेट अँड शट डाउन" दाबतं. दुसऱ्या दिवशी पहिला सभासद पावती मागतो आणि प्रिंटर ढिम्म. "आम्ही काही केलं नाही" हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं.

मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरची देखभाल करतो. दोन पतसंस्था, एक सीए, एक शाळा, तीन-चार वकील. या सगळ्यांकडे मिळून एचपीचे लेझरजेट १०२० आणि एम१००५, कॅननचे एलबीपी२९००, एप्सनचे एलक्यू आणि टीव्हीएसचे एमएसपी हे डॉट मॅट्रिक्स, आणि पासबुकासाठी एप्सनचा पीएलक्यू-२० असा संसार आहे. यातला १०२० २००५ सालचा. कुणीही म्हणेल, फेकून नवा घ्या. पण यंत्र धडधाकट आहे, १२ए कार्ट्रिज भरून देणारा बाजारपेठेत बसलेला आहे, आणि संचालक मंडळापुढे "चालू प्रिंटर का बदलायचा" याचं उत्तर द्यायला मॅनेजरसाहेब तयार नसतात. मलाही ते पटतं. जुन्या प्रिंटरचं यंत्र क्वचितच दगा देतं. दगा देतो तो कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर.

आणि तो पुन्हा पुन्हा दगा देतो याचं एक कारण आपण स्वतः आहोत. बंद पडला की आपण जुन्यावरच नवा ड्रायव्हर टाकतो. त्या दिवशी चालतो. महिन्याने पुन्हा तेच. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच करत आलो. एकदा एका पतसंस्थेत बसून बघितलं तर एकाच प्रिंटरची चार नावं: मूळ, कॉपी १, कॉपी २ आणि कॉपी ३. तिन्ही कॉप्या माझ्याच कृपेने आलेल्या. त्यांचं सॉफ्टवेअर मूळ नावालाच प्रिंट पाठवत होतं आणि ते मूळ नाव ज्या पोर्टला बांधलेलं होतं त्यावर काही जोडलेलंच नव्हतं.

कागद काय सांगतो ते आधी बघा

ड्रायव्हरला हात लावण्याआधी दोन मिनिटं थांबून दुखणं कुठलं आहे ते ओळखा. रांगेत काम अडकलंय का? रांग रिकामी होते पण कागद निघत नाही असं आहे का? की कागद निघतो पण त्यावर भलतंच छापलेलं असतं? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना एकच गोळी चालत नाही.

रांगेत काम अडकलं असेल, "डिलीटिंग" असं तासभर दिसत असेल, तर ड्रायव्हरचा संबंध नसण्याची शक्यता जास्त. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उडवा. फक्त आतल्या फाइली उडवायच्या, फोल्डर नाही. स्पूलर पुन्हा चालू करा. निम्मे फोन इथेच मिटतात.

रांग रिकामी होते, कॉम्प्युटर म्हणतो छापलं, आणि ट्रेमधून काहीच येत नाही, तेव्हा पोर्ट बघा. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स हा टॅब असतो. तिथे टिकमार्क यूएसबी००१ वर आहे आणि प्रिंटर खरा यूएसबी००३ वर बसलाय, असं सर्रास सापडतं. हे होतं कसं? झाडलोट करताना मावशींनी वायर काढली आणि शेजारच्या भोकात घातली. बऱ्याच जुन्या प्रिंटरांना स्वतःचा वेगळा अनुक्रमांक कॉम्प्युटरला सांगता येत नाही, त्यामुळे विंडोज त्यांना भोकावरून ओळखतं. भोक बदललं की त्याच्या दृष्टीने तो नवा प्रिंटर, म्हणून "कॉपी १". इथे ड्रायव्हर टाकायचं काही काम नाही. टिकमार्क बरोबर पोर्टवर आणा किंवा वायर पहिल्या भोकात परत घाला.

कागदावर चिन्हांचा चिवडा उमटत असेल तर मात्र दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचाच, आणि तो चिवडा वाचता येतो. पानाच्या सुरुवातीला टक्केवारीचं चिन्ह आणि त्यापुढे १२३४५एक्स असं काही दिसलं तर कॉम्प्युटर पीजेएलच्या, म्हणजे प्रिंटरला हुकूम द्यायच्या एका बोलीत बोलतोय आणि प्रिंटरला ती कळत नाहीये. टक्केवारी, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी सुरुवात असेल तर पोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या बोलीचा ड्रायव्हर चुकून लागलाय. एका चुकीच्या ड्रायव्हरने अख्खं रीम असं वाया गेलेलं मी पाहिलंय, कारण कारकूनताईंना वाटलं, छापून संपेल कधीतरी.

२०२५च्या जानेवारीत तर ड्रायव्हर बरोबर असूनही हा चिवडा आला होता. त्या महिनाअखेरच्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप पानं ओकायला लागले. वरच्या ओळीत पोस्ट, आयपीपी, प्रिंट, एचटीटीपी असे शब्द. ज्या प्रिंटरांना यूएसबीवर दोन बोली येतात त्यांच्याच बाबतीत ते झालं, आणि मार्चमध्ये दुरुस्तीही आली. अशा वेळी दोष आपल्या ऑफिसात शोधत बसू नये.

"ऑफलाइन" दाखवतो ही तक्रार लॅनवरच्या प्रिंटरांची. तिथे पोर्टच्या यादीत डब्ल्यूएसडी असं नाव दिसलं की समजावं. विंडोजने प्रिंटर आपणहून शोधून तो पोर्ट बनवलेला असतो आणि राउटर बंद-चालू झाला की तो हरवतो. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी कायमचा बांधून टाका, स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट हाताने बनवा, आणि कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन एसएनएमपी स्टेटसची, म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरला "कसा आहेस" विचारायची, खूण काढा. जुन्या प्रिंटरकडून त्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं.

मुळापासून साफ करायची पद्धत

आता खरोखर ड्रायव्हरच बिघडलाय असं ठरलं, तर पुढचा क्रम पाळा. त्यातली एक पायरी गाळली की महिन्याने मला फोन येतो, म्हणून क्रमाने लिहितोय.

१. प्रिंटरची यूएसबी वायर काढा. ही पायरी सगळ्यांना फालतू वाटते. वायर जोडलेली असेल तर तुम्ही एकीकडे काढत असता आणि विंडोज दुसरीकडे परत टाकत असतं.

२. काढण्याआधी प्रिंटरचं नेमकं नाव कागदावर उतरवून घ्या, मधल्या मोकळ्या जागांसकट. अकाउंटिंगची आणि बँकिंगची बरीच सॉफ्टवेअर प्रिंटरला नावाने ओळखतात.

३. स्पूलर थांबवून वर सांगितलेलं फोल्डर रिकामं करा, स्पूलर चालू करा.

४. त्या प्रिंटरच्या सगळ्या नोंदी काढा, कॉप्यांसकट.

५. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतं. प्रिंटर काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असं होत नाही, तो आत तसाच असतो. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज अशी एक लिंक असते, त्यात ड्रायव्हर्स हा टॅब. आपला ड्रायव्हर निवडा, रिमूव्ह दाबा आणि दोन पर्यायांतला "ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज" हा निवडा. "ड्रायव्हर वापरात आहे" असं म्हणून तो अडून बसला, तर स्पूलर रीस्टार्ट करून लगेच, म्हणजे दुसरं काही उघडायच्या आत, पुन्हा काढा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीत निघतो.

६. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. प्रिंट क्यूज खाली आणि यूएसबीच्या यादीत यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट नावाने फिकट दिसणारी भुतं असतात. जुन्या भोकांची, जुन्या कॉप्यांची. फक्त प्रिंटरची काढा, बाकीच्यांना हात लावू नका.

७. रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलंय. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रोज संध्याकाळी इमाने-इतबारे बंद होणारा कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने सुरूच झालेला नसतो. रीस्टार्टमध्ये ही साठवण वापरली जात नाही.

८. आता ड्रायव्हरची फाइल चालवा, आणि वायर ती मागेल तेव्हाच जोडा, आधीच्याच भोकात. नाव कागदावर लिहिलेलंच द्या. डिफॉल्ट करा, आणि "विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या" हा स्विच बंद करा. तो चालू असला तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. एखाद्याने पीडीएफ बनवली की पुढची पावती फाइल म्हणून सेव्ह करायला निघते.

ड्रायव्हर कुठून आणायचा? कंपनीच्या संकेतस्थळावरून, आणि फक्त तिथूनच. शोधल्यावर वर येणाऱ्या "ड्रायव्हर अपडेटर" नावाच्या गोष्टी आणि हेल्पलाइनचे नंबर हा सापळा असतो. एका वकिलांच्या ऑफिसात अशाच नंबरावर फोन केला गेला, पलीकडच्याने स्क्रीन ताब्यात घेतली आणि प्रिंटर दुरुस्त करायचे पैसे मागितले. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.

१०२०ची गोष्ट वेगळी आहे

हे थोडं खोलात सांगतो, कारण हे कळल्यावर निम्मी कोडी सुटतात.

१०२० हा स्वतः फारसा विचार न करणारा प्रिंटर आहे. पान म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. ए४ पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशोबाने, ठिपक्यांत मांडलं तर काळ्या-पांढऱ्याचंच चार मेगाबाइटच्या वर जातं. १०२०ची मेमरी आहे दोन मेगाबाइट. म्हणजे पूर्ण पान त्याच्या डोक्यात मावतच नाही. सगळं पान कॉम्प्युटरने ठिपक्यांत बदलायचं, दाबून लहान करायचं आणि पट्ट्या-पट्ट्यांनी पाठवायचं. त्यामुळे किंमत कमी ठेवता आली आणि त्यामुळेच त्याचा जीव ड्रायव्हरमध्ये अडकला.

याचे तीन परिणाम. एक: यूनिव्हर्सल, म्हणजे अनेक मॉडेलांना मिळून एकच असा ड्रायव्हर त्याला चालत नाही. एचपीचा यूनिव्हर्सल ड्रायव्हर पीसीएल ही एचपीची बोली किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणाऱ्यांसाठी आहे, १०२०ला यातलं काहीच समजत नाही. कॅननचा एलबीपी२९००सुद्धा त्याच जातीचा, फक्त त्याची बोली कॅप्ट. याउलट एखादा जुना पीसीएलवाला लेझर असेल तर मूळ ड्रायव्हर नाही मिळाला तरी यूनिव्हर्सल किंवा विंडोजमधल्याच पीसीएल६ क्लास ड्रायव्हरवर तो चालून जातो. म्हणून जुना प्रिंटर विकत घेताना आधी विचारा, पीसीएल येतं का?

दोन: १०२०ला बंद-चालू केलं की त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, पुसलं जातं. दर वेळी कॉम्प्युटरने ते नव्याने भरावं लागतं, आणि हे काम ड्रायव्हर गुपचूप करतो. लाइट जाऊन आली, कॉम्प्युटर यूपीएसवर चालूच होता, प्रिंटर मात्र बंद होऊन चालू झाला, आणि दिवा लागलाय पण छापत नाही, अशा वेळी वायर काढून परत जोडा. ड्रायव्हरला पुन्हा फर्मवेअर पाठवायची आठवण होते. काही जण हाच प्रिंटर राउटरच्या यूएसबी भोकात लावून "वायफाय प्रिंटर" करू बघतात. राउटर फर्मवेअर भरत नाही, म्हणून तो छापत नाही. प्रिंटरचा दोष नाही.

तीन: डॉसमधून त्याला प्रिंट जात नाही. जुनं फॉक्सप्रोचं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर साधी अक्षरं पाठवतं, आणि १०२०ला अक्षरं कळतच नाहीत. मी एकदा यावर अख्खा दिवस घालवला होता. नंतर कळलं की हे होणारच नव्हतं.

शेअर केलेला प्रिंटर आणि ११बी

कॅशियरच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला प्रिंटर बाकीच्यांनी नेटवर्कवरून वापरायचा, ही आपल्याकडची सगळीकडची पद्धत. २०२१पर्यंत ती बिनबोभाट चालायची. त्या जुलैत प्रिंट स्पूलरमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी भेग सापडली आणि तिथून सगळं बदललं. ऑगस्टच्या अपडेटपासून शेअरवरून ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागायला लागला. सप्टेंबरनंतर ज्याच्या आकड्याच्या शेवटी ११बी असतं तो एरर घरोघरी पोचला. शेअर करणारा आणि वापरणारा, दोघांची सुरक्षेची पातळी जुळत नसेल, म्हणजे एकीकडे अजून विंडोज ७ आणि दुसरीकडे ताजं विंडोज ११, तर हमखास.

यावर इंटरनेटभर एकच उतारा फिरतो: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक आकडा शून्य करा. चालतो, नाकारत नाही. पण ते कुलूप ज्या चोरासाठी बसवलंय तो चोर खरा आहे, आणि पतसंस्थेत लोकांचे पैसे आहेत. मी तो उपाय करत नाही. त्याऐवजी असं करतो.

वापरणाऱ्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिन म्हणून ड्रायव्हर आधीच टाकून ठेवायचा. मग प्रिंटर जोडताना "मला हवा तो यादीत नाही" निवडून हाताने लोकल प्रिंटर घ्यायचा, नवा लोकल पोर्ट बनवायचा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ आणि शेअरचं नाव द्यायचं. ड्रायव्हर यादीतून निवडायचा. आता पान याच कॉम्प्युटरवर तयार होतं आणि पलीकडे नुसतं पोचवलं जातं, ड्रायव्हरची देवाणघेवाण होतच नाही. शेअरचं नाव लहान ठेवा, मध्ये जागा नको.

एक अडचण येईल. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत, विंडोज प्रो असेल तर, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शेअरमध्ये शिरणं बंद झालंय. "पासवर्ड काढून टाका, सगळं चालेल" हा जुना सल्ला आता उलटा पडतो. कॅशियरच्या कॉम्प्युटरवर छपाईपुरता एक साधा यूजर पासवर्डसकट बनवा आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो साठवून ठेवा.

शेअर करणारा कॉम्प्युटर झोपी जाणार नाही याचीही काळजी घ्या. हे सांगायला लाज वाटते, पण दोनदा माझं निदान तिथेच चुकलंय.

डॉट मॅट्रिक्स आणि पासबुक

यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. ईएससी-पी ही त्यांची बोली जुनी, साधी आणि खूप जणांना येणारी. मूळ ड्रायव्हर नसेल तर विंडोजच्या यादीतले एप्सन एफएक्स किंवा एलक्यू सिरीजचे ड्रायव्हर वापरून बघा. नऊ पिनवाल्याला एफएक्स, चोवीस पिनवाल्याला एलक्यू. प्रिंटरच्या आतल्या सेटिंगमध्ये एप्सनची नक्कल चालू असली पाहिजे.

त्यांची खरी कटकट कागदाच्या लांबीची. सलग जोडलेला कागद १० बाय १२ इंचांचा आणि ड्रायव्हरमध्ये ए४. ए४ची उंची ११.६९ इंच, म्हणजे प्रत्येक पानाला जवळजवळ एक तृतीयांश इंच घसरण. दहाव्या पानाला मजकूर तीन इंच वर सरकलेला. लेटर असेल तर पानामागे पूर्ण एक इंच. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजच्या फॉर्म्स टॅबमध्ये १० बाय १२चा नवा फॉर्म बनवा, नाव द्या, आणि मग प्रिंटरच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये तो निवडा. नुसत्या प्रेफरन्सेसमध्ये बदललं तर ते फक्त त्या यूजरपुरतं राहतं. दुसरा कारकून लॉगिन करतो आणि पुन्हा ए४.

नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नसतो म्हणून यूएसबीची वायर लावली जाते. पण त्या वायरीने एलपीटी१, म्हणजे डॉसला ओळखीचा पॅरलल पोर्ट, तयार होत नाही. डॉसचं सॉफ्टवेअर एलपीटी१च शोधत बसतं. प्रिंटर त्याच कॉम्प्युटरवर शेअर करा आणि कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज, एलपीटी१, मग शेअरचा पत्ता आणि शेवटी पर्सिस्टंट यस अशी आज्ञा द्या. ६४ बिट विंडोजवर जुनी डॉस सॉफ्टवेअर मुळात चालत नाहीत, त्यांना डॉसबॉक्ससारखं काही लागतं, हा वेगळा विषय.

मराठी छापायचं असेल तर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर विसरा. इंग्रजी आकडे झरझर छापतो, पण सभासदाचं नाव देवनागरीत आलं की प्रश्नचिन्हांची माळ. त्याला चित्र काढता येत नाही, आणि आपली अक्षरं त्याच्या दृष्टीने चित्रंच. लेझरवर वेगळा प्रकार होतो: स्क्रीनवर "श्री" नीट दिसतो आणि कागदावर त्याचे तुकडे किंवा चौकोन. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये "प्रिंट अ‍ॅज इमेज" वर खूण करा. ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फाँट बिटमॅप म्हणून पाठवायचा पर्याय असेल तर तो चालू करा. छपाई थोडी हळू होते, पण जोडाक्षरं शाबूत राहतात.

परत होऊ नये म्हणून

चालणारा ड्रायव्हर हातचा जाऊ देऊ नका. कंपन्या जुन्या मॉडेलची पानं कधी काढून टाकतील याचा भरवसा नाही. माझ्याकडे एका पेनड्राइव्हवर आणि एका हार्ड डिस्कवर प्रत्येक मॉडेलचं फोल्डर आहे. इन्स्टॉलर हरवलाय पण प्रिंटर चालू आहे, असं असेल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पीएनपीयूटिल या विंडोजच्याच आज्ञेला एक्सपोर्ट-ड्रायव्हर हा पर्याय, चांदणी आणि रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्यात उतरतात. नव्या कॉम्प्युटरवर "हॅव डिस्क" म्हणून त्या फोल्डरकडे बोट दाखवायचं.

विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलू नये म्हणून विंडोज प्रोवर ग्रुप पॉलिसीत "अपडेटसोबत ड्रायव्हर नको" असा नियम आहे, तो लावा. होमवर तो नाही. तिथे डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये "नो" करून ठेवावं. आणि मार्च एंडला? अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. मी मार्चच्या पहिल्या दिवशी पतसंस्थेच्या कॉम्प्युटरांवर ते थांबवतो आणि ताळेबंद छापून झाला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः बसून घेतो. कायमचे मात्र बंद करत नाही, प्रिंटनाइटमेअरनंतर तर नाहीच.

पुढची हवा जुन्या प्रिंटरांच्या बाजूची नाही, हेही सांगून ठेवतो. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्येच जाहीर केलंय की कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांना विंडोज अपडेटवरून मिळणारा आधार टप्प्याटप्प्याने बंद होणार. त्या वेळापत्रकात जुलै २०२६पासून विंडोज आपला आयपीपी क्लास ड्रायव्हर, म्हणजे नव्या प्रिंटरांच्या सामाईक बोलीचा, आधी निवडणार, आणि जुलै २०२७पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर बाकी अपडेट तिथून मिळणार नाहीत. कंपनीचा इन्स्टॉलर हाताने टाकायला बंदी नाही, म्हणून तर वरचा पेनड्राइव्ह. पण २४एच२मध्ये "विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड" नावाचं एक बटण आलंय. ते जुन्या ऑफिसात चुकूनही दाबू नका. दाबलं की कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे सगळे प्रिंटर यादीतून नाहीसे होतात.

ज्यांना थोडं लिनक्स जमतं त्यांच्यासाठी १०२०ला एक चांगली वाट आहे. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, घ्या, त्यावर कप्स हे लिनक्सचं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका, एचपीएलआयपी हा लिनक्सवरचा एचपीचा ड्रायव्हर आणि त्याचं प्लगइन टाका. फर्मवेअर भरण्याचं काम तोच करतो. बाकी सगळे कॉम्प्युटर त्याच्याशी आयपीपीने बोलतात, मोबाइलवरूनही प्रिंट जाते, आणि विंडोजच्या ड्रायव्हरची भानगडच उरत नाही. शाळेत मी हे बसवलंय. एलबीपी२९००ला ही युक्ती इतकी सोपी नाही. कॅननचा लिनक्सवरचा कॅप्ट ड्रायव्हर इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी आहे, पायमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी नाही.

म्हणून पतसंस्थेत कॅननसाठी एक जुनाच कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवलाय. इंटरनेट नाही, दुसरं काम नाही, फक्त छपाई. प्रिंटरच्या वायरीवर मी चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली आहे: "मावशी, ही काढू नका."